गजराबाईच्या दारातली खुर्ची

थांबवा टाळ! घडीभर थांबवा. मृदंगमणी, फार गोड वाजवलंत, पण आता हात मांडीवर ठेवा – नाहीतर गाव म्हणायचं, बुवा आला आणि नुसता मृदंग ऐकून गेला!

मंडळी, कथेला हात घालायच्या आधी एक सवाल टाकतो. सोपा आहे. सावकार जगतो कशावर?

काय? व्याजावर? कोण बोललं? ते खांबाला टेकलेले फेटेवाले! अहो पाव्हणं, व्याज बँकही घेते, पतपेढीही घेते. मग बँकेत जाताना तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या दारानं जाता, आणि सावकाराकडं जाताना उपरणं डोक्यावरून घेऊन मागच्या बोळानं का जाता? हां! हसला म्हणजे गेलेला दिसताय!

सावकार व्याजावर जगत नाही, मंडळी. मग कशावर? लगेच नाही सांगणार. उत्तर हातात पडलं की तुम्ही पंगतीकडं पळाल. आमटीचा वास मलाही येतोय, मी काय दगडाचा आहे? पण आधी गजराबाई, मग आमटी. ऐका!

एक गाव होतं. नाव सांगत नाही – सांगितलं तर तिथलं माझं कीर्तन बंद होईल! तालुक्याचं गाव, आणि स्टेशनच्या मागं एक गल्ली. गल्लीत सगळ्या बोहारणी. बोहारीण कळली का, पोरींनो? तुम्हा नव्या मुलींना मोबाइलवरच सगळं घरी येतं, म्हणून विचारतो. डोक्यावर पाटी, पाटीत नवी कोरी स्टीलची भांडी, आणि आरोळी – ‘भांडीऽऽय!’ जुने कपडे द्या, नवं भांडं घ्या. पैशाचा व्यवहारच नाही.

त्या गल्लीची राणी म्हणजे आमची गजराबाई. काटकुळी बाई, पण आवाज? या स्पीकरला मागं सारील असा. आणि घासाघीस? बाई दुपारी एखाद्या बंगल्याच्या पायरीवर बसली की सूर्य कलला तरी उठायची नाही. वहिनी दारात उभी, गजराबाई पायरीवर. वहिनीनं पँट पुढं केली की गजराबाई ती उन्हात धरणार. आरपार बघणार!

‘वहिनी, साहेब खुर्चीत लई बसत्यात का?’

‘का गं?’

‘पँटीचं बूड इरलंय. ह्यातून पलीकडचं शेत दिसायलंय मला!’

पुरुषमंडळी, हसू नका, तुमच्याच पँटी आहेत त्या! मग वहिनी एक साडी काढणार. गजराबाई म्हणणार, फॉल सुटलाय. वहिनी शर्ट काढणार. गजराबाई म्हणणार, कॉलर खाल्लीय. मग ऊन तापलं की गजराबाई म्हणायची, ‘वहिनी, तांब्याभर पाणी द्या बाई.’ वहिनी पाणी द्यायची, आणि तिथंच सौदा फिरायचा! पाणी दिलं-घेतलं की माणूस माणसाशी कडक बोलू शकत नाही हो. पाणी पिऊन गजराबाई डबा पुढं सरकवायची, वर एक चमचा ठेवायची – ‘हा माझ्याकडनं, लेकराला!’ वहिनीला वाटायचं आपण जिंकलो. गजराबाईला माहीत असायचं कोण जिंकलं!

अशी बाई. आणि या बाईनं आयुष्यात एकदाच घासाघीस केली नाही. कुठं? भिकाशेठच्या माडीवर!

भिकाशेठ सावकार. आईबापानं नवसानं झालेल्या पोराचं नाव भिका ठेवलं, आणि त्यानं सगळ्या गल्लीला भिकेला लावायचं व्रत घेतलं. परवाना नाही, पाटी नाही, दुकान नाही. एक गादी, एक तक्क्या, आणि गोड बोलणं. ‘ये ये गजराक्का! बस. पाणी घेतेस का?’ बघा, पाणी त्यानं पाजलं! तिथंच बाई हरली.

गजराबाईचा नवरा, निवृत्ती, स्टेशनवर हमाली करायचा. पोतं घसरलं, पाय मोडला. दवाखाना म्हणाला, पैसे भरा. बाई माडी चढली. दहा हजार मागितले. भिकाशेठनं नऊच मोजले.

‘शेठ, एक हजार?’

‘पहिल्या महिन्याचं व्याज, अक्का. आधीच कापलं म्हणजे तुलाच बरं. शेकडा दहा. तू आपली घरची, म्हणून दहा!’

शेकडा दहा – वर्षाचं नाही, महिन्याचं! आणि मंडळी, विरलेल्या बुडातून पलीकडचं शेत बघणारी बाई, तिनं एक शब्द विचारला नाही. उन्हात धरलं नाही. पदरात पैसे बांधले आणि जिना उतरली. का? काय झालं तिच्या जिभेला?

मायमाऊल्यांनो, तुम्हाला माहीत आहे काय झालं. वर जाताना तिच्या मनात एकच – कुणी बघितलं तर? खाली येताना एकच – कुणी विचारलं तर? ज्याला लपायची घाई असते, तो भाव करायला थांबत नाही!

आणि मग सुरू झालं. महिन्याला हजार. दोन वर्षं झाली. नऊ घेतले होते, चोवीस-पंचवीस हजार देऊन झाले. आणि मुद्दल? मुद्दल आपलं जागेवर, दहा हजार! देवळातली मूर्ती तरी उत्सवात पालखीत बसून हिंडून येते, हे मुद्दल जागचं हललं नाही.

गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारीण कस्तुरा, भिंतीला भिंत लागून घर, तिलाही नाही. गजराबाई कस्तुराला म्हणायची, ‘आमचं बरं चाललंय बाई.’ कस्तुरा म्हणायची, ‘आमचंबी.’ आणि दोघी आपापल्या घरात जाऊन कढी पातळ करायच्या.

आता भिकाशेठची वसुली कशी, ते ऐका. तो शिवी देत नसे. मारहाण तर नाहीच, सज्जन माणूस! तो फक्त एक खुर्ची पाठवायचा. लाल रंगाची प्लॅस्टिकची खुर्ची. आणि खुर्चीसोबत झुंबर.

झुंबर म्हणजे काय सांगू? तालमीतला गडी. मान कुठं संपते आणि डोकं कुठं सुरू होतं, कळायचं नाही. तो सकाळी यायचा, ज्याचा हप्ता थकला त्याच्या दारात खुर्ची मांडायचा, आणि बसायचा. बास! बोलायचं नाही. ओरडायचं नाही. शेंगा खात बसायचा. पण दारात लाल खुर्ची आली की गावाला कळलं – या घराची पत गेली.

आणि गल्ली काय करायची? गल्ली भली होती हो! खुर्ची दिसली की सगळ्या बाया आपापली दारं लावून घ्यायच्या. ‘बिचारीला लाज वाटंल, आपण बघायचं नाही.’ केवढा चांगुलपणा! आणि भिकाशेठला नेमका हाच चांगुलपणा हवा होता. दारं बंद झाली की आतली बाई एकटी पडायची. संध्याकाळपर्यंत गळ्यातलं डोरलं काढून भिकाशेठकडं गहाण टाकायची. शेजाऱ्यांच्या भलेपणावर खुर्ची चालायची, मंडळी! कळतंय का मी काय म्हणतो? का आमटीत लक्ष आहे?

बरं. गजराबाईची लेक जयमाला. गुणी पोर, शिवणकाम करायची. तिला स्थळ आलं. मुलगा पंक्चरचं दुकान चालवणारा, निर्व्यसनी. मुलीला मुलगा पसंत, मुलाला मुलगी पसंत, सुपारी फोडायची ठरली. रविवारी सकाळी पाहुणे येणार! आता सुपारी म्हटलं की साडी आली, पेढे आले, जेवण आलं. गजराबाईनं दोन हप्ते थकवले आणि लेकीचं कार्य काढलं. आईच ती, दुसरं काय करणार?

भिकाशेठला सुगावा लागला. तो हसला. म्हणाला, ‘झुंबर, रविवारी सकाळी गजराक्काच्या दारात. पाव्हणे यायच्या आधी. आणि हा कोरा स्टॅम्प पेपर ने. सही केली की खुर्ची उचल.’

कोऱ्या कागदावर सही! त्यावर भिकाशेठ काय लिहिणार? घर लिहिणार! दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पण स्वतःचं.

रविवार उजाडला. दारात रांगोळी. जयमाला नवी साडी नेसलेली. आणि रांगोळीच्या शेजारी – खट्! – लाल खुर्ची. झुंबर बसला. कागद पुढं केला. ‘मावशी, सही करा. पाव्हणे यायच्या आत उठतो.’

आणि गल्लीत आवाज झाला – धाड, धाड, धाड. दारं लागली. कस्तुराचं पहिलं!

गजराबाई कागद घेऊन आत गेली. निवृत्ती काठी टेकत आला, म्हणाला, ‘करून टाक सही. घर काय, पुन्हा बांधू. पोरीची सोयरीक मोडली तर पुन्हा जुळायची नाही.’ जयमाला म्हणाली, ‘आई, घर घालवून मला नको हे लगीन.’ बाप रडतोय, लेक रडतीय. गजराबाईच्या हातात पेन. डोळ्यात पाणी, इतकं की कागद दिसेना. पेन कागदाला टेकलं –

आता तुम्ही म्हणाल, बुवा, देव कुठाय? इतका वेळ कीर्तन चाललंय आणि देवाचा पत्ता नाही!

येतोय, येतोय! देवाला यायचंच असलं तर तो कुठल्या रूपानं येईल, सांगता येत नाही. भक्तासाठी तो कधी गडी होतो, कधी गवळी होतो. त्या दिवशी देव तहान होऊन आला! कुणाच्या घशात? झुंबरच्या! शेंगा खाल्ल्या होत्या ना खारवलेल्या!

दारातून आवाज आला – ‘मावशी, तांब्याभर पाणी द्या की.’

गजराबाईचा हात थांबला. हे वाक्य... हे वाक्य तिचं होतं! सारा जन्म तिनं लोकांच्या दारात बसून हेच वाक्य म्हटलं होतं. बाईनं डोळे पुसले, दारातून बाहेर बघितलं. पायरीपाशी झुंबर बसलेला, घामानं निथळणारा. आणि दारात उभी कोण? ती स्वतः! बाईच्या डोक्यात लख्ख पडलं – अगं बया! म्हणजे आज बोहारीण तो, आणि वहिनी मी!

आणि बाई हसली! हसली म्हणजे काय, पोट धरून हसली. निवृत्ती घाबरला, त्याला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. अहो, भिकाशेठनं सगळं आयुष्य व्यवहार माडीवर केला, जिथं तिची जीभ टाळ्याला चिकटायची. आज त्यानंच तो व्यवहार उन्हात, दारात, रस्त्यावर आणून ठेवला! बोहारणीला रस्त्यावर भाव करायला बोलावलं! माशाला बुडवून मारायला निघाला, येडा!

तिनं तांब्याभर पाणी दिलं. वर ताटलीभर पोहे दिले, पाहुण्यांसाठीचे. आणि मग रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, कमरेला पदर खोचला, आणि कोणत्या आवाजात ओरडली? पाटीच्या!

‘कस्तुरेऽऽय! दार उघड! रेशमे, अन्साबाई, उघडा गं दारं! बघा माझ्या दारात काय आलंय! नऊ हजार घेतले हुते भिकाशेठकडनं, पंचवीस दिले, अजून फिटंना! मला लाज वाटायची ती वाटून झाली. आता या भायेर, मला माणसं पायजेत!’

आणि कस्तुराचं दार करकरलं.

कस्तुरा बाहेर आली. हातात काय? स्वयंपाकघरातला स्टूल! तिनं तो स्वतःच्या दारात ठेवला, त्यावर बसली आणि म्हणाली, ‘गजरे, माझ्या डोक्यावर त्याचे सात हजार. तुज्या आधीपासनं. तुला कसं सांगू म्हणून गप हुते.’

‘अगं सटवे! भिंतीला भिंत अन् मला सांगितलं न्हाईस?’

‘तू तरी कुठं सांगितलंस?’

दोघी भांडायला लागल्या, आणि भांडता भांडता गळ्यात पडून रडायला लागल्या. तेवढ्यात रेशमा पाट घेऊन आली. अन्साबाईकडं खुर्ची नव्हती, तिनं कपडे धुवायचं टोपलं पालथं घातलं. कुणी बाज ओढली, कुणी डालडाचा डबा आणला. ज्या ज्या घरात भिकाशेठचा पैसा, त्या त्या दारात बसायला काहीतरी आलं. मंडळी, गल्लीत एक दार रिकामं राहिलं नाही! लाल खुर्ची शोधावी लागली त्या गर्दीत!

आणि अशा वेळी रिक्षातून उतरले – पाहुणे!

मुलाचे वडील पुढं, आई मागं, मुलगा टोपी सावरत. बघतात तर प्रत्येक दारात बाई बसलेली. वडील म्हणाले, ‘आमच्या स्वागताला बसल्यात का या सगळ्या?’

आता? खोटं बोलायचं का? निवृत्तीनं डोळ्यानं खुणावलं, हो म्हण, हो म्हण! पण गजराबाईची लाज मघाशीच सरली होती. तिनं हात जोडले. ‘पाव्हणं, खरं सांगते. डोक्यावर कर्ज हाय. ही वसुलीची खुर्ची हाय. ह्या माज्या जोडीदारणी. पोरगी माजी सोन्यासारखी हाय. आता तुमी ठरवा.’

मुलाचे वडील पुढं सरकले. त्यांनी खुर्ची बघितली. झुंबर बघितला. बायकोकडं बघितलं. आणि मोठा सुस्कारा सोडला –

‘तुमच्याकडं खुर्ची बसवतात होय? आमच्याकडं दारात मोटारसायकल आडवी लावतात!’

हाऽऽ! हसा, हसा! पण बघा, बाईनं घर गमवायची तयारी केली होती ज्यांच्यापासून लपवायला, ते तिकडं मोटारसायकल लपवत होते! मुलाची आई तर म्हणाली, ‘विहीणबाई, आमी येताना देवाला हेच म्हणत हुतो, यांना आमचं कळू नये.’ आणि पालथ्या टोपल्यावर अन्साबाईच्या शेजारी जाऊन बसली.

तेवढ्यात भिकाशेठ आला. झुंबर कसा परतला नाही, म्हणून बघायला. बघतो तर आख्खी गल्ली बाहेर, आणि झुंबर पोहे खातोय!

‘झुंबर! ऊठ!’

झुंबरनं ताटली खाली ठेवली. त्याचा एवढा मोठा देह, पण आवाज लहान लेकराचा निघाला. ‘शेठ, मी पगारी न्हाई. बापाच्या आजारपणात घेतलेल्या वीस हजारापायी तीन वर्सं ही खुर्ची वाहतोय. समद्यांनी सांगितलं, आता माजंबी सांगतो. ह्यांच्यातला मीबी एक.’ आणि गडी खुर्चीसकट उठला, आणि कस्तुराच्या स्टुलाशेजारी जाऊन बसला!

मंडळी, भिकाशेठ भर रस्त्यात एकटा उभा. आणि समोर कोण? गजराबाई! तिनं तो कोरा कागद दोन्ही हातांनी उन्हात धरला. आरपार बघितलं.

‘शेठ, माल विरलाय तुमचा! नऊ दिले, पंचवीस नेले. ह्याला शिवण न्हाई, काठ न्हाई. परवाना दावा बघू? न्हाई? मग उद्या आमी समद्या सावकारीची तक्रार घेऊन उपनिबंधकाच्या हाफिसात चाललो. एकटी न्हाई जायची, आख्खी गल्ली जायची.’

‘अक्का, असं काय करतेस... पाच हजार सोडतो...’

‘पाच?’ गजराबाई पायरीवर बसली. पदरानं वारा घेतला. सगळ्या गल्लीला कळलं, आता ही संध्याकाळपर्यंत उठत नाही!

‘आठ सोडतो...’

‘शेठ, उलट बोला. तुमीच किती परत देताय?’

शेवटी तिनं पाटीतला एक चमचा काढला, भिकाशेठच्या हातावर ठेवला – ‘हा माझ्याकडनं, लेकराला!’ – आणि कागद टराटरा फाडला. मृदंगमणी, आता वाजवा! एकच थाप! हां!

सुपारी फुटली. भिकाशेठ गेला. आणि सोमवारी गल्ली ऑफिसात गेली, झुंबर सगळ्यात पुढं. लगेच काही झालं नाही, खोटं कशाला सांगू? सरकारी काम, खेटे घालावे लागले. साहेब रजेवर, शिक्का कपाटात. पण बाया रोज पायरीवर जाऊन बसायच्या, आणि पाणी मागायच्या! पायरीवर बसायची सवय कुणाला जास्त, साहेबाला का बोहारणीला? चौकशी लागली, माडीची झडती झाली, डोरली परत आली. जयमालाच्या लग्नात सगळ्या गल्लीच्या गळ्यात डोरलं होतं.

तर मंडळी, सावकार जगतो कशावर? सांगा आता! आपल्या लाजेवर! ‘कुणाला कळलं तर’ – या तीन शब्दांवर त्याची माडी उभी असते. अडीनडीला हात पसरणं हे पाप नाही. पोराचं आजारपण, पोरीचं लग्न, पाय मोडणं, हे काय कुणी हौसेनं करतं? पण आपण ते चोरीच्या मालासारखं लपवतो, आणि लपवलं की लुबाडणाऱ्याला रान मोकळं. देवाजवळ आपण सगळं बोलतो हो. मग देव ज्याच्यात बसलाय, त्या शेजाऱ्याजवळ का बोलत नाही?

आता माझ्याकडं बघू नका, एकमेकांकडं बघा. बघा, बघा! इथं मांडीला मांडी लावून बसलाय तुम्ही. कुणाच्या मोबाइलवर रोज वसुलीचा फोन येतोय, कुणाचं डोरलं पेटीत नाही, कुणाची सही कोऱ्या कागदावर झालीय. मला नाही माहीत. पण त्याच्या शेजारी बसलेल्यालाही माहीत नाही, हे माझ्यानं सोसत नाही.

म्हणून आज एक करा. पंगतीत शेजारच्याला विचारा, ‘कसं चाललंय?’ तो म्हणेल, ‘बरं चाललंय.’ सगळेच म्हणतात. तुम्ही आमटी वाढून घ्या. एक घास खा.

आणि मग त्याला पुन्हा विचारा.

बोला, विठ्ठल विठ्ठल! टाळ घ्या हातात, आणि आता थांबू नका!